प्रिन्सेस, फेअरलाइन की सनसीकर? वीस वर्षांच्या मोटर यॉटची निवड

वाचकाचे पत्र : आम्ही पती-पत्नी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्पशरमध्ये राहतो. आमची २७ फुटी मोटरबोट हॅम्बल नदीतील मरीनामध्ये असते. आता तिच्याऐवजी ४५ फुटांच्या आसपासची, वरच्या डेकवरूनही चालवता येईल अशी जुनी मोटर यॉट घेण्याचा विचार आहे. खर्चाची मर्यादा १,९०,००० पौंड आहे. तीन बोटी पाहिल्या असून तिन्हींना दोन डिझेल इंजिने आणि सरळ शाफ्ट (इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत जाणारे दांडे) आहेत. प्लिमथची प्रिन्सेस २००४ ची आहे, इंजिने ६४० तास चालली आहेत आणि किंमत १,८५,००० आहे. मात्र २०१४ ते २०१९ या काळातील देखभालीची कागदपत्रे नाहीत. लिमिंग्टनची फेअरलाइन फँटम २००२ ची आहे, इंजिने १,१५० तास चालली आहेत, आतापर्यंत दोनच मालक झाले, सर्व बिले जपून ठेवलेली आहेत आणि किंमत १,६५,००० आहे. पण सागवानी डेक झिजला आहे आणि आतील गाद्या-पडदे जुनाट दिसतात. तिसरी सनसीकर मॅनहॅटन २००३ ची, स्पेनमधील मायोर्का बेटावर आहे. इंजिने फक्त ४१० तास चालली आहेत, बोट नव्यासारखी दिसते आणि किंमत १,६०,००० आहे. मित्र म्हणतात, डोळे झाकून प्रिन्सेस घ्या आणि फेअरलाइन टाळा, कारण ती कंपनी बुडाली होती. पत्नीला सनसीकर आवडली आहे. दर उन्हाळ्यात रत्नागिरीहून माझे आई-वडील येतात, त्यांनाही बोटीवर न्यायचे आहे. कोणता ब्रँड निवडावा?

उत्तर : आपला प्रश्न ब्रँडचा आहे, म्हणून आधी ब्रँडविषयीच लिहितो. या तीन नावांमध्ये काहीच फरक नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु तो फरक नेमका कशात आहे आणि वीस वर्षांनंतर त्यातला किती शिल्लक उरतो, हे पाहिल्याशिवाय त्याला किती किंमत द्यायची ते ठरवता येणार नाही.

तिन्ही कंपन्या ब्रिटिश आणि तिन्ही १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या. डेव्हिड किंग यांनी १९६५ मध्ये प्लिमथला 'मरीन प्रोजेक्ट्स' या नावाने सुरू केलेला कारखाना पुढे प्रिन्सेस म्हणून ओळखला जाऊ लागला. फेअरलाइनचा उगम समुद्रापासून बराच आत, नॉर्दम्प्टनशरमधील आउंडल गावी नेन नदीच्या काठी झाला आणि तिची पहिली बोट अवघी १९ फुटांची होती. रॉबर्ट ब्रेथवेट यांची सनसीकर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'पूल' नावाच्या बंदरात वाढली. बोट लाटेवर कशी वागेल, हे प्रामुख्याने तिच्या तळाच्या आकारावर अवलंबून असते, आणि येथे एक गोष्ट आपल्या मित्रांना जरूर सांगावी. प्रिन्सेस आणि फेअरलाइन या एकमेकींच्या कडव्या स्पर्धक असल्या, तरी आपण पाहत आहात त्या काळातील दोघींच्या बोटींचे तळ बर्नार्ड ओलेसिन्स्की या एकाच आरेखनकाराच्या कार्यालयातून आलेले आहेत. सनसीकरचे तळ दीर्घकाळ डॉन शेड यांनी आखले. ते शर्यतीच्या मोटरबोटींमध्ये नाव कमावलेले आरेखनकार होते आणि वेगाची ती ओढ सनसीकरच्या बोटींमध्ये उतरली आहे. त्यामुळे 'समुद्रात प्रिन्सेस चांगली, फेअरलाइन वाईट' या विधानाला फारसा आधार उरत नाही.

उरतो तो फरक मांडणीचा आणि बांधणीच्या सवयींचा. माझ्या मते प्रिन्सेसचे लाकूडकाम आणि इंजिनकक्षातील मोकळीक वाखाणण्याजोगी असते. फेअरलाइनने सामान ठेवण्याच्या जागा आणि आतल्या वावराचा विचार फार बारकाईने केलेला आढळतो. सनसीकरमध्ये बाहेर बसण्याच्या जागेला आणि देखणेपणाला झुकते माप मिळते, आणि ज्यांचा बराच वेळ उन्हात, नांगर टाकलेल्या बोटीवर जातो त्यांच्यासाठी ते योग्यही आहे. हे फरक खरे आहेत, पण ते डोळ्यांना दिसतात आणि आपण तिन्ही बोटी पाहिल्या आहेत. ज्या फरकांवर आपले पैसे खऱ्या अर्थाने पणाला लागतील, ते गालिच्याखाली, इंजिनांच्या मागच्या बाजूला आणि बिलांच्या फायलीत आहेत.

फेअरलाइन कंपनी २०१५ च्या अखेरीस प्रशासकाच्या ताब्यात गेली होती, हे खरे आहे. परंतु २००२ मध्ये बांधलेल्या बोटीची हमी त्यापूर्वीच कधीच संपली होती, त्यामुळे त्या घटनेने आपल्या बोटीचे काही बिघडलेले नाही. अशा बोटीवर पुढे जे सुटे भाग लागतात, त्यातले बहुतेक बोट बांधणाऱ्या कंपनीचे नसतातच. इंजिने व्होल्व्हो पेंटा, कॅटरपिलर किंवा तशाच एखाद्या उत्पादकाची असतात. नांगराचे विंच, पंप, जनरेटर, शौचालये, विद्युत उपकरणे हे सर्व बाहेरून आणून बसवलेले असते. मालकी तर सर्वांचीच बदलली. प्रिन्सेस २००८ मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाशी संबंधित निधीकडे आणि २०२३ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीकडे गेली. सनसीकर २०१३ मध्ये चीनच्या वांडा समूहाने घेतली आणि २०२४ मध्ये तीही पुन्हा विकली गेली. आजच्या मालकाच्या ताळेबंदावरून वीस वर्षांपूर्वी ओतलेल्या फायबरग्लासची पारख करता येत नाही. पुढे बोट विकताना प्रिन्सेस हे नाव थोडे अधिक लवकर ग्राहक आणते, एवढे मी मान्य करतो.

आता आपल्या तीन बोटींकडे वळू. सर्वांत कमी तास चाललेली सनसीकर प्रथमदर्शनी मोहक वाटते, पण ४१० तास म्हणजे वर्षाला वीस तासांहूनही कमी. सागरी डिझेल इंजिनाला चालण्याने जेवढी झीज होते, त्यापेक्षा अधिक हानी बऱ्याचदा उभे राहण्याने होते. शीतकरणासाठी आत घेतलेले खारे पाणी हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणारा भाग), आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) आणि एक्झॉस्टची म्हणजे धुराच्या नळ्यांची वाकणे यांमध्ये साचून धातू खात राहते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) गंजून अडकतो, रबरी नळ्या कडक होतात, इम्पेलरची म्हणजे पाण्याच्या पंपातील रबरी चाकाची पाती एकाच स्थितीत वाकून राहतात, इंधनटाकीत बाष्पाचे पाणी जमते आणि त्या पाण्यात डिझेलवर वाढणारे सूक्ष्मजीव काळा गाळ तयार करतात. याउलट फेअरलाइनचे १,१५० तास म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास, आणि हे प्रमाण खाजगी बोटीसाठी निरोगी आहे. नीट देखभाल झालेल्या अशा इंजिनांमध्ये अजून बरीच वर्षे शिल्लक असतात.

मायोर्कातील बोटीबाबत आणखी काही गोष्टी आहेत. भूमध्य समुद्रातील बोटींवर वातानुकूलन चालवण्यासाठी जनरेटर तासन्‌तास सुरू असतो, त्यामुळे इंजिनांच्या तासांबरोबर जनरेटरचे तासही विचारायला हवेत. प्रखर उन्हाने बाहेरचा जेलकोट (फायबरग्लासवरचा चकचकीत थर) आणि खिडक्यांची सीलबंदी अकाली म्हातारी होते. तेथे डिझेलवर चालणारी उष्णता-यंत्रणा बसवलेली नसण्याची शक्यता असते आणि इंग्लंडमधील एप्रिलच्या संध्याकाळी तिच्याशिवाय केबिनमध्ये बसवत नाही. परंतु निर्णायक मुद्दा कराचा आहे. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यानंतर तेथून खरेदी करून आणलेल्या बोटीवर येथे २० टक्के व्हॅट भरावा लागतो. १,६०,००० पौंडांवर तो ३२,००० होतो, म्हणजे बोट हॅम्बलला आणण्याचा खर्च धरण्यापूर्वीच आपण १,९२,००० वर पोहोचता. आधी ब्रिटनमध्ये असलेल्या बोटींसाठी सवलत आहे, पण ती बोट ज्याने बाहेर नेली त्यानेच ती परत आणली तर मिळते, नव्या खरेदीदाराला नाही. पत्नींच्या पसंतीचा मान राखून मी सांगेन की सनसीकर हवी असेल तर ब्रिटनमध्येच असलेली आणि करभरणीचा पुरावा असलेली शोधावी. ही बोट सोडून द्यावी.

प्रिन्सेसची अडचण पाच वर्षांच्या कोऱ्या पानांची आहे. एखाद्या मालकाने कागद हरवले असतील, स्वतःच तेल बदलले असेल किंवा बोट त्या काळात किनाऱ्यावर उभी असेल. यातले काहीही शक्य आहे आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. इंजिनांचे अनुक्रमांक घेऊन त्या उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी. त्यांच्याकडे जुन्या कामांच्या नोंदी कधीकधी मिळतात. मरीनाची किंवा बोट उचलून ठेवणाऱ्या यार्डाची जुनी बिले मिळाली, तरी ती कुठे होती एवढे तरी कळते. विशेषतः आफ्टरकूलर शेवटचे कधी उघडून साफ केले, हे विचारावे. ते वर्षानुवर्षे न उघडल्यास त्यातून गळलेले खारे पाणी इंजिनाच्या सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते आणि मग दुरुस्तीचा खर्च पाच आकडी होतो. यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर १,८५,००० पौंड देऊन आपल्या मर्यादेत केवळ ५,००० शिल्लक ठेवणे मला अजिबात पसंत नाही. जुन्या बोटीच्या पहिल्याच हंगामात किमतीच्या दहा टक्के रक्कम हाताशी असावी, असा माझा आग्रह असतो.

म्हणून माझे मत फेअरलाइनच्या बाजूने आहे. ते मत फेअरलाइन या नावासाठी नसून, दोन मालकांनी वीसहून अधिक वर्षे जपलेल्या त्या फायलीसाठी आहे. मात्र फाइल जाड आहे म्हणून ती भरलेली आहे असे समजू नये. एक शांत रविवार काढून ती तारखेप्रमाणे लावावी आणि पाहावे की तेल, गाळण्या व इम्पेलर दरवर्षी बदलले का, आफ्टरकूलर आणि हीट एक्स्चेंजर ठरावीक अंतराने निघाले का, एक्झॉस्टची वाकणे कधी बदलली, शाफ्टचे सील आणि पाण्याखालचे बेअरिंग केव्हाचे आहेत, आणि प्रत्येक बिलावरील इंजिन-तासांचे आकडे क्रमाने वाढत गेले आहेत का. एका मेकॅनिकची बिले अनेक वर्षे सलग दिसत असतील, तर विक्रेत्याच्या परवानगीने त्याच्याशी बोलावे. बोटीविषयी सर्वांत मोलाची माहिती बहुधा अशा माणसाकडे असते.

त्यानंतर सर्व्हेअर. तो आपण नेमलेला असावा, आपणच त्याचे पैसे द्यावेत आणि विक्रेत्याने किंवा ब्रोकरने सुचवलेल्या नावापुरते थांबू नये. यॉट आरेखनकार व सर्व्हेअर यांच्या वायडीएसए या संस्थेच्या किंवा आयआयएमएस या सागरी सर्व्हेअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सदस्यांमधून निवड करावी. तळ तपासणारा आणि इंजिने तपासणारा हे बहुधा वेगळे असतात आणि दोघांचीही गरज आहे. बोट पाण्याबाहेर उचलून तळावर हातोडीने टकटक करून आवाज ऐकणे, आर्द्रतामापकाने फायबरग्लासमधील ओलावा पाहणे, डेकवरील कठड्याच्या खांबांभोवती आतला गाभा कुजला आहे का ते चाचपणे ही त्याची नेहमीची कामे आहेत. त्याला एक गोष्ट मुद्दाम सांगावी : पाण्याखालच्या छिद्रांवरचे व्हॉल्व्ह आणि फिटिंग कोणत्या धातूचे आहेत ते लिहून द्यावे. त्या काळात अनेक नामांकित बोटींवरही साधे पितळी भाग बसवले जात, कारण युरोपीय मानकात त्यांच्याकडून पाच वर्षांच्याच टिकाऊपणाची अपेक्षा होती. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो आणि एके दिवशी हाताच्या धक्क्याने नळी तुटून बोटीत पाणी भरू लागते. बदलण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे.

सागरी चाचणी नदीत होऊ देऊ नये. लिमिंग्टन नदीत ६ नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मर्यादा आहे आणि त्या वेगाला कोणतेही इंजिन समाधानी वाटते. नैऋत्येचा वारा असेल असा दिवस आणि ओहोटीची वेळ निवडावी. ओहोटीचे पाणी सोलेंटमधून, म्हणजे किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांमधील सामुद्रधुनीतून, पश्चिमेला हर्स्टच्या भूशिराकडे ओढले जाते आणि वाऱ्याला भिडून आखूड, उभ्या लाटा उठवते. बोटीचा तळ, खिडक्यांची गळती, कपाटांची कुरकुर, सर्व काही त्या अर्ध्या तासात समजते. आपण धक्क्यावर पोहोचाल तेव्हा इंजिने थंड असली पाहिजेत. झाकणावर हात ठेवून खात्री करावी. आधीच गरम करून ठेवली असतील तर थंड इंजिन कसे सुरू होते आणि किती धूर सोडते हे आपल्याला कधीच कळणार नाही. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो आणि काळा धूर हवा कमी किंवा भार जास्त असल्याचे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर डिझेल अर्धवट जळत असेल किंवा पाणी आत शिरत असेल. पुढे पूर्ण वेगाला दोन्ही इंजिने आपल्या नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतात का ते पाहावे. उत्पादकाने मिनिटाला २,६०० फेऱ्या सांगितल्या असतील आणि इंजिन २,४०० वर अडकत असेल, तर तळावरचे शेवाळ, चुकीचा प्रोपेलर, कोंडलेला टर्बो अशी कारणे असू शकतात. कारण सापडेपर्यंत किंमत ठरवू नये. त्याच वेगाला दहा मिनिटे राहून दोन्ही इंजिनांची तापमाने स्थिर आणि जवळपास सारखी राहतात का, तेही पाहावे. परतल्यावर दोन्ही इंजिनांच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत.

आई-वडिलांना घेऊन जायचे म्हणता, तर ते येथे असताना त्यांना एकदा लिमिंग्टनला न्यावे. धक्क्यावरून मागच्या पोहण्याच्या फळीवर पाय टाकणे, तेथून कॉकपिटमध्ये चढणे, वरच्या डेककडे जाणाऱ्या पायऱ्यांचा उतार, हाताला धरायला मिळणाऱ्या कड्या, शौचालयाच्या दाराची रुंदी आणि केबिनकडे उतरणाऱ्या तीन-चार पायऱ्या या गोष्टी त्यांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. एकाच लांबीच्या दोन बोटींमध्ये वरच्या डेकचा जिना इतका वेगळा असतो की गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी एका बोटीवर वरची जागा असून नसल्यासारखी होते. ब्रँडचा खरा उपयोग येथे आहे, कारण मांडणी नंतर बदलता येत नाही. फँटमवर आईंना वर जाणे जमत नसेल, तर मी वर दिलेले मत बाजूला ठेवून दुसरी बोट शोधायला सांगेन.

कागदपत्रांबाबत थोडक्यात, पण कटाक्षाने. बोट 'स्मॉल शिप्स रजिस्टर'वर, म्हणजे ब्रिटनच्या छोट्या बोटींच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली असेल तर ती नोंद मालकीचा पुरावा नसते. सातबाऱ्यावर जसा बोजा चढवलेला दिसतो, तसा त्या नोंदीवर कर्जाचा बोजा दिसत नाही. तो फक्त मुख्य रजिस्टरच्या पहिल्या भागात नोंदवता येतो. म्हणून बांधणाऱ्याच्या प्रमाणपत्रापासून आजच्या मालकापर्यंत विक्रीखतांची साखळी अखंड हवी, मूळ व्हॅट भरल्याचे बीजक हवे, आणि जून १९९८ नंतरची बोट असल्याने सीई प्रमाणपत्र (युरोपीय सुरक्षा मानकांची पूर्तता दाखवणारे) व तळावर कोरलेला ओळख क्रमांक एकमेकांशी जुळायला हवेत. दहा टक्के अनामत द्यावी लागेल. ती ब्रोकरच्या ग्राहकांसाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात जावी आणि करारात 'सर्वेक्षण व सागरी चाचणी समाधानकारक ठरल्यास' ही अट शब्दशः असावी.

खर्चाचा अंदाज आपण केला असेलच, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण २७ फुटी बोटीवरून येणाऱ्यांना त्या उशिरा उमगतात. मरीनाचे भाडे पोहण्याच्या फळीसकट पूर्ण लांबीवर आकारले जाते. मॉडेलच्या नावातील आकडा ती लांबी सांगतोच असे नाही, म्हणून प्रत्यक्ष मोजमाप घेऊनच हॅम्बलला दर विचारावा. आणि अशी बोट २२ नॉटने धावताना तासाला अदमासे १२० ते १४० लिटर डिझेल घेते, म्हणजे हॅम्बलहून पूल बंदरापर्यंतच्या तीसेक सागरी मैलांना केवळ जाताना सुमारे १६० ते १९० लिटर. आठ नॉटने गेल्यास तेवढ्याच अंतराला त्याच्या निम्म्याहून कमी लागते, आणि सरळ शाफ्टच्या बोटी त्या संथ गतीला छान चालतात.

झिजलेला सागवानी डेक हे फेअरलाइन नाकारण्याचे कारण नाही, पण किंमत कमी करण्याचे आहे. फळ्यांची जाडी किती उरली आहे, स्क्रूंवरच्या सागवानी खुंट्या निघू लागल्या आहेत का आणि जोडांमधील काळा रबरी भराव सुटला आहे का, हे सर्व्हेअरकडून लिहून घ्यावे. डेक बदलण्याचे लेखी अंदाजपत्रक लिमिंग्टन किंवा हॅम्बलच्या यार्डाकडून चाचणीपूर्वीच मागवावे. ते हाती ठेवून १,५०,००० पासून बोलणी सुरू करावीत आणि सर्वेक्षण स्वच्छ निघाल्यास १,५५,००० पर्यंत जावे. गाद्या-पडद्यांसाठी आत्ता एक पौंडही खर्चू नये. पहिल्या हंगामातली रक्कम व्हॉल्व्ह, नळ्या, शीतकरण आणि अग्निशामक यंत्रणेसाठी राखून ठेवावी. ही बोलणी शक्यतो ऑक्टोबरनंतर करावीत, कारण हिवाळ्याचे भाडे समोर दिसू लागले की विक्रेते अधिक मोकळेपणाने ऐकतात, आणि मार्चच्या गर्दीआधी यार्डातील माणसेही आपल्या कामाला मिळतात.